१९५१ ची विलीज पिकअप: आहे तेच इंजिन बांधू की दुसरं बसवू?

विलीज_५१

मंडळी, जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

आमच्या आबांची पिकअप आहे. १९५१ ची विलीज, फोर व्हील, चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन, टी-९० गिअरबॉक्स, सगळं मूळचं. एकोणीस वर्षं शेडमध्ये विटांवर उभी होती. गेल्या वर्षी बाहेर काढली, टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून साफ केला, पॉइंट घासले आणि तिसऱ्या दिवशी बाई चालू झाल्या. त्या आनंदात मी पुढचे दोन महिने काही मोजलंच नाही, नुसती चालवत राहिले.

आता तक्रारी. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की ठक ठक ठक. पाचेक मिनिटांत तापलं की आवाज नाहीसा. उतारावर पाय काढून खाली आले आणि पुन्हा रेस दिली की मागे निळ्या धुराचा लोट. चारशे किलोमीटरमध्ये एक लिटर ऑइल टाकलं. आयडलिंगला एक सिलिंडर लंगडतो, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर चार ठोक्यांतला एक पोकळ लागतो. चढाला तर दम नाहीच.

एका मेकॅनिकला दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, धूर पाहिला, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "ताई, इंजिन संपलं. भंगारात घाला, डिझेल बसवून देतो." त्याचं चुकलं असेलच असं नाही, पण त्याने एकही पाना हातात घेतला नाही ते मला टोचलं.

मला शर्यती लावायच्या नाहीत. मागे तीन-चारशे किलो माल आणि ताशी साठचा वेग, एवढ्यात मी खूश आहे. घरी चेन ब्लॉक आहे, टॉर्क रेंच आहे, फिलर गेज आहे. स्कूटरच्या हेडपलीकडे इंजिन कधी खोललेलं नाही. काय करू?

दणकट_डिझेल

ताई, मेकॅनिक बरोबर सांगतोय. प्यूजोचं २११२ सीसी डिझेल शोधा. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये ते इंजिन कंपनीतूनच बसून यायचं, म्हणजे मेळ बसतो हे सिद्ध झालेलं आहे. पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर ही तिन्ही दुखणी एका दिवसात जातात. सत्तर वर्षांच्या लोखंडात जीव ओतण्यात काय अर्थ?

फक्त_बघ्या

फोटो कुठेत?

बोरिंगवाले_काका

ताई, मी छत्तीस वर्षं सिलिंडर बोअर करत आलो. "इंजिन संपलं" हे वाक्य ऐकून माझ्याकडे आलेल्या ब्लॉकांपैकी संपलेले थोडेच असायचे. बाकीच्यांना निदान मिळालेलं नसायचं, एवढंच. तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारी बहुधा तीन वेगळ्या जागांच्या आहेत. त्यांची मोळी बांधू नका.

थंड असताना ठकठक आणि तापल्यावर गप्प, हे बहुतेक पिस्टनचं हलणं. बोअर झिजलाय, पिस्टन स्कर्ट आपटतो, तापून फुगला की जागा भरते. बेअरिंगचा आवाज तापल्यावर ऑइल पातळ झालं की वाढतो, कमी होत नाही. तरी खात्री करा: इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बॉडीला टेकवा. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजत असेल तर त्याच सिलिंडरवर आवाज एकदम उतरतो.

उतारावरून आल्यावर निळा धूर, तो रिंगांपेक्षा व्हॉल्व्ह गाइडकडे बोट दाखवतो. पाय काढलेला असताना मॅनिफोल्डमध्ये ओढ जबरदस्त असते, इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली ओढलं जातं, जमा होतं आणि रेस दिली की जळतं. रिंगा गेल्या असत्या तर ओझं ओढतानाही सतत धूर दिसला असता आणि ऑइल भरायच्या तोंडातून वाफाळल्यासारखा दाब आला असता. येतो का? झाकण काढून बघा आणि इथे सांगा.

तिसरा लंगडा सिलिंडर. हे तुमचं हरिकेन इंजिन एफ-हेड आहे, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. आधीच्या गो-डेव्हिल इंजिनात दोन्ही ब्लॉकमध्येच होते. बोअर तोच, ३.१२५ इंच, स्ट्रोक तोच, ४.३७५ इंच, पण इनटेक वर नेऊन मोठा केला तर ६० च्या जागी ७२-७५ हॉर्सपॉवर मिळाली. आता यातली गोम अशी की लोक वरचं टॅपेट कव्हर उघडतात, इनटेकची गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांतली फट, लावतात आणि समजतात, झालं. एक्झॉस्टची गॅप बाजूला, मॅनिफोल्डखालच्या झाकणाआड असते. तिथे हात जात नाही, पान्याला जागा नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. इंजिन थंड असताना इनटेक १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट १६ थाऊ. ते झाकण शेवटचं कधी उघडलं होतं?

आधी कॉम्प्रेशन घ्या. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, बॅटरी चार्ज करून. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून, दोन-चार फेरे मारून पुन्हा. चार आकडे सुके, चार ओले. त्यानंतर बोलू. तोवर डिझेलवाल्यांना चहा पाजा.

दणकट_डिझेल

काका, चहा घेतो, पण मत बदलत नाही.

विलीज_५१

काका, आकडे घेतले. सुके: १०२, ९८, ४५, १०० पीएसआय. ओले: १२०, ११८, ४८, ११९.

ऑइलच्या तोंडाचं झाकण काढून बघितलं. थोडी वाफ आहे, पण तळहाताला दाब जाणवत नाही. प्लग टेकवून चारही सिलिंडर तपासले, ठकठक कुठेच एकदम उतरली नाही, सगळीकडे थोडी थोडी कमी झाली.

तीन नंबर ओल्यालाही उठला नाही म्हणून शेजारच्या मुलाकडून कॉम्प्रेसर आणला. तीन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये आणि चाकांना ओंडके लावून, प्लगच्या भोकातून हवा दिली. कार्बोरेटरजवळ कान: शांत. रेडिएटर: बुडबुडे नाहीत. सायलेन्सरपाशी गेले तर कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा फुस्सकारा.

म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ना?

बोरिंगवाले_काका

म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. आणि बाकीचे तिघे ऑइल घातल्यावर वीसेक पीएसआय चढले, म्हणजे रिंगा आणि बोअरही थकलेत. मेला एकच आहे, म्हातारे सगळे आहेत.

झाकण उघडून तिसऱ्या एक्झॉस्टची गॅप मोजा. माझा अंदाज, फिलर गेजचं सगळ्यात पातळ पानही शिरणार नाही. कारण सांगतो, ते कळलं की पुढे चूक होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर आपटून आपटून हळूहळू आत बसत जातो. तो जितका बसतो तितका त्याचा दांडा खाली टॅपेटकडे, त्याला वर ढकलणाऱ्या भागाकडे, येतो, म्हणजे गॅप वाढत नाही, *कमी* होते. म्हणून आवाज येत नाही, उलट इंजिन जास्तच शांत वाटतं. एक दिवस गॅप शून्य होते. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि मिटल्यावर सीटमधून ब्लॉकला उष्णता द्यायची त्याची संधीच जाते. कड जळायला लागते. टॅपेट वाजत नाही म्हणून खूश होणारे लोक पाहिलेत मी, नंतर तेच जळका व्हॉल्व्ह हातात घेऊन येतात.

चौदा_महिने

मी इंजिन बदललेला माणूस आहे, म्हणून दोन शब्द. नाव का असं ते आता कळेल.

माझ्याकडे अशीच जुनी पिकअप होती, पेट्रोल काढून डिझेल घातलं. इंजिन चेसिसवर बसून सुरू व्हायला नऊ दिवस लागले. गाडी रस्त्यावर यायला चौदा महिने. मधे काय होतं? बेलहाऊसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाला, अ‍ॅडॅप्टर प्लेट. ती प्लेट अर्धा मिलिमीटर एका बाजूला होती, ते मला तीन क्लचप्लेटा आणि एक पायलट बुश खाऊन कळलं. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेलहाऊसिंगचं भोक फिरवून बघायचं असतं, हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मग इंजिनखालचं ऑइलचं भांडं, संप, पुढच्या अ‍ॅक्सलला लागायचा, खड्ड्यात ठण्णकन. मग माउंट नवे, कारण डिझेलची थरथर वेगळी. मग ६ व्होल्टची सगळी वायरिंग काढून १२ व्होल्ट, कारण ते कॉम्प्रेशन जुन्या स्टार्टरला फिरवता येत नाही. मग रेडिएटर, सायलेन्सर, अ‍ॅक्सिलरेटरची सळई. प्रत्येक गोष्ट लहान. कुठलीच तयार मिळत नाही.

आणि कागदांवरचा इंजिन नंबर. ते काम शेवटी केलं, आधी करायला हवं होतं.

आज गाडी छान चालते. पण हे सगळं करायला मला घाई कशाची होती, असं विचाराल तर उत्तर नाही माझ्याकडे.

दणकट_डिझेल

दादा, तुमची अ‍ॅडॅप्टर प्लेट वाईट होती, इंजिनाचा काय दोष?

बोरिंगवाले_काका

दोष इंजिनाचा नाही, हिशोबाचा आहे. ताई, एक काम करा. मागचं एक चाक उचला, न्यूट्रल ठेवा, ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फिरतो मोजा. तुमच्या गाडीत क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, ४३ आणि ८ दातांची असेल तर शाफ्ट साडेपाचला थोडा कमी फिरेल, ५.३७५ चा रेशो.

टॉप गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात. ७.००-१६ च्या टायरवर ताशी ८० ला इंजिन ३००० आरपीएमच्या आसपास फिरतं. १११ मिलिमीटरचा स्ट्रोक आहे, ३००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ११ मीटर होतो. म्हणून ही गाडी साठ-पासष्टला गोड चालते आणि ऐंशीला किंचाळते. आता डिझेल बसवलं तरी रेशो तोच राहिला तर ऐंशीला तेही ३००० वरच. चालेल, पण केबिनमधल्या गप्पा विसरा. वेग हवा असेल तर रेशो बदलावा किंवा ओव्हरड्राइव्ह (टॉपच्याही वरचा जादा गिअर) बसवावा लागतो. मग ब्रेक. जुन्या ड्रम ब्रेकना नव्या वेगाची भीती वाटायला हवी.

ताईंना साठ हवेत. साठला लागतं ते इंजिन तिच्यात आहे.

दणकट_डिझेल

हं. दोन फेऱ्यांची युक्ती माहीत नव्हती. एक चाक उचललं की एकच फेरा पुरत नाही होय, डिफरन्शियल अर्धं खातं.

विलीज_५१

पाच पूर्ण आणि वर साधारण तीन अष्टमांश. खडूने खूण करून मोजलं. ४३ आणि ८ च.

बाजूचं झाकण उघडलं. काका, तुम्ही तिकडे बसून गाडीत बघताय का? एक्झॉस्ट गॅपा: १४, ११, शून्य, १३. तीन नंबरला दीड थाऊचं पान शिरलं नाही. म्हणजे चारही आत बसलेत, तिसरा पुढे गेलाय.

हेड काढायला घेतलं. सगळे बोल्ट काढले, हेड हलेना. लाकडी हातोडी, कडेला हलके टोले, काही नाही. पहार लावायच्या विचारात होते.

बोरिंगवाले_काका

थांबा!! पहार ठेवा खाली. कार्बोरेटर काढलात का?

विलीज_५१

काढला. म्हणजे बाजूला केला, केबलसकट.

बोरिंगवाले_काका

त्याच्या खालच्या भोकात टॉर्च मारा. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे आणि एक हेड बोल्ट त्या भोकात आत लपलेला आहे. तो विसरून पहार मारलेली तडकलेली हेडं मी पाहिलीत.

विलीज_५१

होता. काजळीत बुडालेला, डोकंही दिसत नव्हतं. काढला आणि हेड दोन बोटांनी उचललं गेलं. पहारेचा विचार आठवून पोटात गोळा आला.

फक्त_बघ्या

मी चार दिवस झोपलो नाही या धाग्यामुळे. फोटो?

विलीज_५१

सगळं खोललं. तब्बल तीन शनिवार-रविवार गेले. टॅपेट आणि व्हॉल्व्ह पुठ्ठ्यात भोकं पाडून नंबरवार लावून ठेवलेत, कारण कॅम तोच ठेवायचा झाला तर ज्याचा टॅपेट त्याच्याच जागी गेला पाहिजे असं वाचलं.

बोअर गेजने मोजलं, प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आडवा आणि उभा. सगळ्यात वाईट तीन नंबर: वर, रिंगांच्या कडेच्या लगेच खाली ३.१३८ इंच, तळाला ३.१२७. म्हणजे वर १३ थाऊ झीज, वर-खाली ११ चा फरक. बाकी तिघे ८ ते १० मध्ये. पिस्टन मूळ मापाचे, कुणी कधी बोअर केलेलाच नाही!

क्रँक: मेन जर्नल तिन्ही गुळगुळीत. रॉड जर्नलवर दोन नंबरला नखाला लागेल अशी रेघ.

आता वाईट बातमी. तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळून चंद्रकोर झालीय. त्याच्या सीटपासून बोअरच्या दिशेने ब्लॉकमध्ये एक बारीक काळी रेघ आहे. काजळी की भेग, कळत नाही. नखाला लागत नाही.

मेकॅनिकचंच बरोबर निघणार की काय?

बोरिंगवाले_काका

ताई, रेघ भेगच असेल असं धरून चाला, म्हणजे सुखद धक्का बसायला जागा राहील. असल्या ब्लॉकमध्ये सीट आणि बोअरमधलं पातळ लोखंड हीच तडकायची जागा, आणि तिथेच तुमचा जळका व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने आग ओकत होता.

डाय पेनिट्रंट करून घ्या. लाल द्रव लावायचा, थांबायचं, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. भेग असेल तर लाल रेघ आपोआप वर उमटते आणि कुठे संपते ते दिसतं. ते *कुठे संपते* महत्त्वाचं. सीटच्या खोबणीपाशीच थांबली तर जुनी सीट रिंग काढून, भेगेवर एकमेकांत अडकणाऱ्या पिना बसवून, वर मोठ्या मापाची सीट दाबून बसवतात. बोअरपर्यंत गेली तर तेवढ्या एका सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालायची, एका बाजूने स्लीव्ह आणि दुसऱ्या बाजूने सीट, मध्ये भेग कोंडली जाते. दोन्ही मी केलंय. पाण्याच्या जॅकेटमध्ये फुटून लांब गेली असेल तर दुसरा ब्लॉक. सगळं झाल्यावर ब्लॉकची प्रेशर टेस्ट, त्याशिवाय एकही नवा भाग विकत घेऊ नका. वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा. बीडाचं लोखंड सगळा ब्लॉक तापवल्याशिवाय वेल्ड केलं की शेजारी दुसरी भेग.

बोअरचं: १३ थाऊ झीज म्हणून मूळ मापापेक्षा २० थाऊ मोठे पिस्टन पुरतील असं कागदावर दिसतं. पुरत नाहीत. झीज एका अंगाला जास्त असते आणि बोअर मूळच्या मध्यावरच ठेवून खणायचा असतो, मग एका बाजूला काळा डाग उरतो. ३० ला जा. विस्थापन २२४२ सीसीच्या आसपास होईल, मूळ २१९९. कुणाला कळणारही नाही. आणि पिस्टन हातात आल्याशिवाय मशिनवाल्याला बोअरला हात लावू देऊ नका. पिस्टन मोजायचा, मग त्या पिस्टनसाठी बोअर. डब्यावरचा आकडा बघून नाही.

रॉड जर्नलची रेघ नखाला लागते तर ग्राइंड करा, १० थाऊ. एकच नाही, चारही, म्हणजे बेअरिंग सेट एकाच मापाचा येतो. जोडताना प्लास्टिगेज (चेपून फट दाखवणारा मऊ धागा) लावून दोन थाऊच्या आसपास क्लिअरन्स आली की पुढे. क्रँकचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकायची मोकळीक, पुढच्या बेअरिंगपाशी शिमने (पातळ चकत्यांनी) लागतो, ४ ते ६ थाऊ. तो विसरलात तर क्लच दाबल्यावर क्रँक पुढे सरकेल.

इनटेक गाइड चारही नवे. धूर तिथलाच होता.

चौदा_महिने

ताई, दुसरा तसाच ब्लॉक मिळाला तरी हा फेकू नका. मी फेकला होता.

विलीज_५१

डाय पेनिट्रंट झालं. लाल रेघ सीटच्या खोबणीतून निघते आणि बोअरच्या साधारण चार मिलिमीटर अलीकडे थांबते. दोनदा करून घेतलं, दोन्हीदा तिथेच. पिना आणि मोठी सीट ठरलं, बाकी तीन एक्झॉस्टनाही नव्या सीट. प्रेशर टेस्टला ब्लॉक परवा लागेल.

टेस्ट होईपर्यंत काही विकत घेऊ नका म्हणालात, पण पिस्टन आधीच मागवून बसले होते, ते आले. चौघांवर ३० चाच शिक्का. मायक्रोमीटरने स्कर्टवर मोजले: तिघे सारखे, एक जवळपास दीड थाऊ लहान. परत पाठवला. काका, डब्यावरचा आकडा म्हणालात ते.

त्या मेकॅनिककडे गेले होते, इंजिन उचलायचा हुक परत करायला. व्हॉल्व्ह दाखवला. तो बराच वेळ बोटाने चंद्रकोर चाचपत राहिला, मग म्हणाला, "आवाज तर करत नव्हता हो."

@फक्त_बघ्या, फोटो टाकलेत, सहा. चौथ्यात मधोमध काळ्या विहिरीसारखं दिसतंय ना, ते कार्बोरेटरचं भोक. बोल्ट त्याच्या तळाला आहे.